फॅरामिर, भरत आणि चार डीव्हीडींचा संच



'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन सिनेमांतला कोणता चांगला असा विषय निघाला, की पहिल्या भागाच्या बाजूने बोलणारे असतातच, तिसऱ्याच्या बाजूने बोलणारे तर भरपूर. (तिसऱ्याला २००४ साली ११ ऑस्कर मिळाली, जितकी नामांकनं तितकी बक्षिसं!) मधला भाग, 'द टू टॉवर्स', हा मात्र कायम भांडणाचा. कुणाला त्यातली हेल्म्स डीपची लढाई म्हणजे पडद्यावरची आजवरची सगळ्यात भारी लढाई वाटते, तर कुणाला त्या सिनेमात पुस्तकाचा खून झालेला दिसतो. आमच्या घरात दोन्ही पक्ष आहेत. माझा भाचा पुस्तकवाला. त्याने टॉल्किन कॉलेजात असताना वाचला आणि तेव्हापासून त्याच्यापुढे त्या विषयावर कुणी तोंड उघडायची सोय नाही. धाकटी सून सिनेमावाली. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी दोघांची परत जुंपली. एकीकडून "मावशी, तूच सांग" आणि दुसरीकडून "आई, तुम्ही सांगा". मी तेव्हा चकली तोंडात घालून वेळ मारून नेली, पण डोक्यातून विषय गेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी. सॉरॉन नावाच्या दुष्टाने घडवलेली एक अंगठी आहे. ती ज्याच्या हाती पडेल त्याला ती हळूहळू खाऊन टाकते. ती जिथे घडवली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायची, एवढंच काम. ते येऊन पडलं आहे हॉबिट नावाच्या बुटक्या, खाऊनपिऊन सुखी जमातीतल्या फ्रोडोवर. त्याच्या सोबतीला त्याचा माळी, सॅम. पहिल्या भागाच्या शेवटी त्यांची टोळी फुटते. दुसऱ्या भागात फ्रोडो आणि सॅम त्या विक्षिप्त गॉलमला वाटाड्या करून निघतात, मेरी आणि पिपिन हे दुसरे दोन हॉबिट एन्टांच्या म्हणजे चालत्याबोलत्या वृक्षांच्या राज्यात पोचतात, आणि अ‍ॅरागॉर्न वगैरे मंडळी थिओडेन राजाच्या मदतीला जातात. तीन वाटा, आणि सिनेमा संपतो तेव्हा तिन्ही अर्ध्यावर!

हा अर्धवटपणा पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाचा दोष नव्हे. टॉल्किन ऑक्सफर्डचे प्राध्यापक, त्यांनी लिहिली ती एकच सलग कादंबरी. महायुद्धानंतर कागद महाग होता, पुस्तक प्रचंड, म्हणून प्रकाशकांनी १९५४-५५ मध्ये तिचे तीन खंड केले. मधल्या खंडाला नाव काय द्यायचं इथपासून टॉल्किनना अडचण होती. ते दोन मनोरे नेमके कोणते, हेसुद्धा त्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं आहे. तेव्हा त्या भागाला सुरुवात नाही आणि शेवट नाही ही तक्रार म्हणजे उद्योगपर्वापासून महाभारत ऐकायला बसायचं आणि मग "हे लोक एवढे का चिडलेत?" म्हणून विचारायचं, तशातली झाली. जॅक्सनने मागची कथा सांगायलाही नकार दिला. सिनेमा सुरू होतो तो थेट गँडाल्फ त्या आगीच्या राक्षसाबरोबर दरीत कोसळतोय तिथून. मला ते फार आवडलं. वर्गात यायला ज्याला उशीर झाला त्याने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यावं!

प्रेक्षकांच्या बाकीच्या तक्रारी मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. हेल्म्स डीपला एल्फांचं सैन्य येतं ते पुस्तकात नाही. अ‍ॅरागॉर्न कड्यावरून नदीत पडून मेल्याचं नाटक होतं, तेही पुस्तकात नाही. गिमली हा पुस्तकातला मानी योद्धा, त्याला सिनेमात विदूषक करून टाकलं. लेगोलास ढालीवर उभा राहून जिन्यावरून घसरत येतो आणि घसरता घसरता बाण मारतो, हे तर... असो. एन्ट पुस्तकात सावकाश सभा भरवून, नीट विचार करून युद्धाला निघतात. सिनेमात ते आधी नाही म्हणतात आणि पिपिनने युक्तीने तोडलेलं जंगल दाखवल्यावर एकदम खवळतात. हजारो वर्षं रानाची राखण करणाऱ्याला आपल्या हद्दीवरची झाडं तुटलेली ठाऊक नाहीत? आमच्या गावाकडचा साधा वनरक्षकसुद्धा सांगेल. अमेरिकेतले प्रसिद्ध समीक्षक रॉजर एबर्ट यांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांना खंत होती ती हॉबिट मागे पडल्याची आणि तलवारवाले पुढे आल्याची. त्यांनी सिनेमाला तीन तारे दिले. मला वाटतं यातली सगळ्यात मोलाची तक्रार तीच, पण तिच्यावर फारसं कुणी भांडत नाही.

गॉलमबद्दल मात्र दोन्ही पक्षांचं एकमत. अँडी सर्किस या नटाने अंगाला खुणा लावलेला पोशाख घालून त्याच्या हालचाली केल्या, आवाज दिला, आणि संगणकवाल्यांनी त्यावर तो किडकिडीत देह चढवला. तो रात्री स्वतःशीच भांडतो, एक गॉलम लबाड आणि दुसरा केविलवाणा, तो प्रसंग पाहताना हे चित्र आहे हे मी साफ विसरते. त्या सिनेमाला दोन ऑस्कर मिळाली, दृश्य करामतींचं आणि ध्वनिसंपादनाचं. सर्किसला नामांकनसुद्धा नाही. एका माणसाचं काम नेमकं कुठे संपलं आणि यंत्राचं कुठे सुरू झालं हे परीक्षकांना ठरवता आलं नसावं.

आता मुख्य भांडण. फॅरामिर.

पुस्तकात फॅरामिर हा गॉन्डॉरच्या कारभाऱ्याचा धाकटा मुलगा, रानात गस्त घालणाऱ्या तुकडीचा नायक. फ्रोडो आणि सॅम त्याच्या हाती सापडतात. फ्रोडोकडे काय आहे ते त्याला अजून कळलेलं नसतं, तेव्हाच तो म्हणून बसतो की ती वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. पुढे सॅमच्या तोंडून चुकून निघून जातं, अंगठी समोर आहे हे कळतं, आणि तो आपल्या शब्दाला जागतो. शिदोरी देऊन दोघांना वाटेला लावतो. सिनेमात तसं नाही. सिनेमातला फॅरामिर त्यांना कैदी करून ऑसगिलियाथ या उद्ध्वस्त शहरात घेऊन जातो, अंगठी बापाला नजर करायची म्हणून. तिथे शत्रूचा उडता दूत येतो, फ्रोडो त्याच्यापुढे जवळजवळ अंगठी घालणार इतक्यात सॅम त्याला आवरतो, आणि हे सगळं पाहिल्यावर फॅरामिर त्यांना सोडून देतो. भाचा म्हणतो, हा माणूस फॅरामिर नव्हेच.

पटकथाकारांनी याचा खुलासा केला आहे. जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बोयेन्स, तिघांचंही म्हणणं साधारण एकच. त्यांची दोन कारणं आहेत. एक म्हणजे शेलॉब या अजस्र कोळ्याचा प्रसंग त्यांनी तिसऱ्या भागात ढकलला होता, त्यामुळे फ्रोडोच्या वाटेवर दुसऱ्या भागाच्या शेवटी काहीतरी मोठं घडणं भाग होतं. हे मला पटतं. पुस्तकाच्या मागे टॉल्किनने तारीखवार घटना दिल्या आहेत (इतिहासाच्या शिक्षिकेला याहून सुंदर परिशिष्ट कुठलं?). त्यांत हेल्म्स डीपची लढाई ३ मार्चच्या रात्री सुरू होते आणि शेलॉबच्या गुहेत फ्रोडो शिरतो १२ मार्चला. म्हणजे तारखांप्रमाणे पाहिलं तर शेलॉब तिसऱ्या भागातच यायला हवी. इथे जॅक्सनची बाजू बिनतोड आहे आणि भाच्याने ती मान्य करावी.

दुसरं कारण मात्र मला मुळीच पटत नाही. ते म्हणतात, अंगठीचा मोह एवढा भयंकर आहे असं आम्ही इतका वेळ प्रेक्षकांच्या मनावर ठसवत आलो, गँडाल्फसारखा गँडाल्फ तिला हात लावायला घाबरतो. मग मध्येच एक तरणा पोर येऊन "मला नको" म्हणाला, तर अंगठीचा दरारा काय राहिला?

आपण भरताच्या देशातली माणसं. आपल्याला हा प्रश्न पडायलाच नको. आजोळहून आलेल्या भरताला आयतं राज्य समोर दिसतं. आईने मागून घेतलेलं, बापाने दिलेलं, मोठा भाऊ वनात गेलेला. तो एक क्षणसुद्धा त्या सिंहासनाकडे बघत नाही. भरताने नको म्हटलं म्हणून अयोध्येच्या सिंहासनाची किंमत कमी झाली असं कुणाला वाटलं आहे का? उलट ज्याच्यासाठी कैकेयीने एवढं केलं ते एका माणसाला कवडीमोल वाटतं, हे कळल्यावर कैकेयीचा लोभ आणखी उघडा पडतो. आता एखाद्या दिग्दर्शकाने भरत आधी दोन दिवस सिंहासनावर बसतो, मुकुट घालून बघतो, आणि मग पश्चात्ताप होऊन पादुका आणायला जातो असं दाखवलं तर? म्हणे नाट्य हवं!

आणि हे साम्य मी ओढूनताणून आणत नाही. गॉन्डॉरचे राजे जवळजवळ हजार वर्षांपूर्वी संपले. तेव्हापासून कारभारी घराणं राजाच्या नावाने राज्य चालवतं. राजसिंहासन वर रिकामं असतं आणि कारभारी खाली, पायऱ्यांपाशी, साध्या काळ्या आसनावर बसतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पादुका ठेवून राज्य करणारं घराणं! साताऱ्याच्या गादीवर छत्रपती आणि कारभार पुण्यात पेशव्यांकडे, हे ज्या मुलांना मी शिकवलं त्यांना गॉन्डॉर समजावून सांगायला मला पाच मिनिटं पुरली असती. अशा घरात जन्मलेल्या दोन मुलांपैकी थोरला विचारतो की आपण राजे कधी होणार, आणि धाकट्याच्या मनात तो प्रश्नच येत नाही. फॅरामिरला अंगठी नको असणं हे असं त्याच्या घराण्यातून, त्याच्या वाचनातून, स्वभावातून आलेलं आहे. वर्गात सापडलेली पेन्सिल काही मुलं दोनदा खिशात घालून, शेवटी मन खाऊ लागल्यावर आणून देतात. एखादं मूल सापडली तशीच टेबलावर आणून ठेवतं आणि खेळायला पळतं. दुसऱ्या मुलाला "तुझ्या मनात झगडा का नाही झाला?" असं मी कधी विचारलं नाही. अशी माणसं असतात. फार नसतात, पण असतात, आणि टॉल्किनने त्यांच्यातला एक लिहिला.

आता सुनेची बाजू. ती म्हणते, आई, असा माणूस आदर्श असेल, पण जवळचा वाटत नाही. सिनेमातला फॅरामिर हा बापाने सदैव कमी लेखलेला मुलगा आहे. बापाचं सगळं प्रेम थोरल्या बोरोमिरवर, आणि तो थोरला आता मेलेला. अंगठी नेऊन दिली तर एकदा तरी बाप "शाबास" म्हणेल, एवढीच त्याची भूक. त्याला मोह अंगठीचा नाही, त्या शाबासकीचा आहे.

हे तिने म्हटलं तेव्हा मी जरा गप्प झाले, कारण हे मी पालकसभांमधून पाहिलं आहे. थोरल्या भावाचं नाव घेऊन धाकट्याला घालून पाडून बोलणारे बाप आणि खाली मान घालून उभी असलेली ती मुलं. अशा मुलाने काय वाटेल ते केलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

पण मग मी तिला विचारलं, हे तू सिनेमात पाहिलंस कुठे? आणि इथे खरी गंमत आहे. थेटरात १८ डिसेंबर २००२ ला जो सिनेमा लागला तो १७९ मिनिटांचा. त्यात हा बाप, डेनेथॉर, कुठे दिसतच नाही! फॅरामिरला आपली लायकी सिद्ध करायची आहे असं एखाद्या वाक्यातून निसटतं सूचित होतं, बस्स. बाप, त्याचं थोरल्यावरचं प्रेम, ऑसगिलियाथ परत जिंकल्याचा तो आनंदाचा दिवस, दोघा भावांची एकमेकांवरची माया, आणि त्याच दिवशी सगळ्यांदेखत बापाने धाकट्याला टाकून बोललेलं, थोरल्याला अंगठी आणायला धाडलेलं, धाकटा "मी जातो" म्हणाला तर त्याला झिडकारलेलं, हा सगळा प्रसंग फक्त वाढीव आवृत्तीत आहे. ती १८ नोव्हेंबर २००३ ला चार डीव्हीडींच्या संचातून आली आणि तिथे सिनेमा २२३ मिनिटांचा झाला. सुनेने पहिल्यांदा पाहिली ती हीच. भाच्याने पाहिली ती थेटरातली, आणि मग रागाने परत पाहिलाच नाही. म्हणजे इतकी वर्षं दोघं भांडत होते ते दोन वेगवेगळ्या सिनेमांवरून!

तोच संच आमच्याकडे २००४ साली अमेरिकेहून आला. आमच्या प्लेअरवर तो चालेना. अमेरिकेच्या डीव्हीडी १ नंबरच्या विभागाच्या आणि आपल्याकडच्या ५ नंबरच्या, अशी ती वाटणी होती. दुकानातल्या मुलाने रिमोटवर काहीतरी आकडे दाबले आणि दोन मिनिटांत प्लेअर सगळ्या जगाचा करून दिला. (युरोपात आणि ऑस्ट्रेलियात विकलेली हीच आवृत्ती २१४ मिनिटांची. तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २४ च्या जागी २५ चित्रं धावत, म्हणून सिनेमा लवकर संपे. एकही दृश्य कापलेलं नाही. यावरूनही लोकांनी वाद घातले आहेत.)

माझ्यासाठी त्या डीव्हीडीची किंमत वाढीव दृश्यांच्याही आधी दुसऱ्याच गोष्टीत होती. माझं सगळं शिक्षण मराठीतून. बी.ए.ला इंग्रजी होतं ते पास होण्यापुरतं. थेटरात हा सिनेमा पाहिला तेव्हा घोडे कळले, तलवारी कळल्या, गॉलम कळला, पण बोलणं सगळं कानावरून गेलं. आजूबाजूची कॉलेजची मुलं हसली की आपण हसायचं. सिनेमा भव्य आहे म्हणायचं आणि बाहेर यायचं. घरी डीव्हीडीवर खाली इंग्रजी अक्षरं उमटली. अक्षरं मला वाचता येतात! अडलं तर थांबवायचं, शब्दकोश बघायचा, पुढे जायचं. २२३ मिनिटांचा सिनेमा मी चार रविवार दुपारी बसून पाहिला, आणि चौथ्या रविवारी मला फॅरामिरबद्दल स्वतःचं मत होतं. सिनेमा थेटरातच पाहावा, घरी पाहणं म्हणजे पोस्टकार्डावर डोंगर पाहणं, असं म्हणणारे रसिक मला माहीत आहेत. त्यांचं त्यांच्यापुरतं खरं असेल. मला मोठ्या पडद्यावर डोंगर दिसला होता आणि माणसं मात्र घरच्या एकवीस इंची टीव्हीवर भेटली. (पुढे मुग्धा कर्णिक यांनी ही कादंबरी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली. शब्दकोश घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्यांचे त्याने किती कष्ट वाचले म्हणून सांगू!)

आणखी एक. थिओडेन राजाचा एकुलता मुलगा थिओड्रेड मरतो. थेटरातल्या सिनेमात राजा त्याच्या थडग्यापाशी पांढरी फुलं हातात घेऊन उभा राहतो आणि आईबापांवर मुलाला पुरायची वेळ येऊ नये अशा अर्थाचं काहीतरी बोलून कोसळतो. हे वाक्य, बर्नार्ड हिल या नटाने, मूल गमावलेल्या एका आईशी बोलणं झाल्यावर सुचवलं होतं असं सांगतात. वाढीव आवृत्तीत त्याआधी अंत्ययात्राही आहे, आणि इओविन त्यांच्या जुन्या भाषेत विलापगीत गाते. आमच्या थोरल्या जाऊबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्यांचा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली होती. इंग्रजी सिनेमा म्हणून त्या भाजी निवडत बाजूला बसल्या होत्या, पडद्याकडे लक्षही नव्हतं. तो विलाप सुरू झाला तशी त्यांनी मान वर केली. त्या भाषेतलं अक्षरही त्यांना कळत नव्हतं (मलाही नाही). संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव गं." मी परत लावलं. मग त्यांनी भाजीचं ताट उचललं आणि आत गेल्या. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. बर्नार्ड हिल २०२४ च्या मे महिन्यात गेले. जाऊबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या.

थेटरात "परत लाव" म्हणता येत नाही.

परत फॅरामिरकडे येते. त्याच्या बाजूचं आणखी एक छोटं दृश्य वाढीव आवृत्तीत आहे. त्याच्या माणसांनी मारलेला शत्रूकडचा एक दक्षिणी सैनिक समोर पडलेला असतो. फॅरामिर त्याच्याकडे बघून विचार करतो, याचं नाव काय असेल, हा खरंच वाईट होता का, कुणाच्या थापांमुळे घरदार सोडून इथवर आला. पुस्तकात हे विचार सॅमच्या मनात येतात. टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या खंदकांत होते, तेव्हा हे कुठून आलं ते सांगायला नको. पानिपत शिकवताना मी मुलांना आपल्याकडचे मेलेले मोजायला लावत असे. ते दृश्य पाहिल्यापासून अब्दालीबरोबर आलेल्या पोरांचाही एक प्रश्न घालू लागले. सिनेमावाल्यांनी ते विचार फॅरामिरच्या तोंडी घातले हे मला तर फार आवडलं. त्या एका दृश्याने तो पुस्तकातल्या फॅरामिरच्या जवळ येतो. आणि नेमकं तेच थेटरात नाही!

म्हणून माझं मत असं. वाढीव आवृत्तीतला फॅरामिर हा टॉल्किनचा नव्हे, पण तो एक खराखुरा माणूस आहे, आणि सुनेचं त्याच्याबद्दलचं म्हणणं मला मान्य. थेटरातला फॅरामिर मात्र ना टॉल्किनचा ना जॅक्सनचा. त्याच्या मागचं कारणच कापून टाकल्यावर उरतो तो एक कपाळाला आठ्या घातलेला शिपाई. भाच्याचा राग त्याच्यावर आहे आणि तो रास्त आहे.

कापायलाच हवं होतं हेही मला समजतं. तीन तासांच्या वर सिनेमा गेला की थेटरवाल्यांचा एक खेळ बुडतो. पण मग काय ठेवलं ते बघा. ढालीवरची घसरगुंडी ठेवली. गिमलीला उचलून फेकायचे विनोद ठेवले. अ‍ॅरागॉर्नचं कड्यावरून पडणं, वाहत जाणं, घोड्याने येऊन उठवणं, यावर चांगला वेळ खर्च केला, ज्यातून काहीही निघत नाही. तो मेलेला नाही हे पोरासोरांनाही माहीत असतं. तेवढ्यात डेनेथॉर आणि त्याचे दोन मुलगे सहज बसले असते. जॅक्सन थेटरातल्या आवृत्तीलाच आपली खरी आवृत्ती मानतात आणि वाढीव आवृत्ती ही चाहत्यांसाठी म्हणतात. मला हे कधी समजलं नाही. लोणचं, पापड वेगळं विकलं तर ठीक. इथे ताटातली भाजी काढून नोव्हेंबरात वेगळी वाढली.

विकण्यावरून लोक तेव्हा खूप बोलले. २६ ऑगस्ट २००३ ला थेटरातल्या आवृत्तीची डीव्हीडी, तीन महिन्यांच्या आत वाढीव, आणि लगेच १७ डिसेंबरला तिसरा सिनेमा. एकाच सिनेमाचे दोनदा पैसे! मी इथे कंपनीच्या बाजूने एक सांगेन, की वर्षभर आधी पहिल्या भागाच्या वेळी त्यांनी नेमकं हेच केलं होतं, तेव्हा डोळे उघडे असणाऱ्याला माहीत होतं. पण २००६ मध्ये दोन्ही आवृत्त्या एकत्र करून परत विकल्या, २०१० मध्ये ब्लू-रे आली ती आधी थेटरातली, २०११ मध्ये वाढीव, २०२० मध्ये आणखी स्वच्छ छपाई. भाचेसुनेकडे मोजून चार संच आहेत, आणि त्यातल्या एकाचंही प्लॅस्टिक भाच्याने फोडलेलं नाही.

त्या चारातल्या शेवटच्या दोन डीव्हीडींवर सिनेमा कसा केला ते आहे. ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं, खरं सांगायचं तर काही ठिकाणी सिनेमाहून जास्त आवडीने. हेल्म्स डीपची लढाई वेलिंग्टनजवळच्या एका दगडाच्या खाणीत, महिनोन्‌महिने रात्रपाळी करून चित्रित केली. शिरस्त्राणाला लाथ मारताना व्हिगो मॉर्टेन्सनची पायाची बोटं मोडली आणि ती किंकाळी तशीच सिनेमात आहे. आणि माझं सगळ्यात लाडकं: त्या दहा हजार ऑर्कांची आरोळी आणायची कुठून? वेलिंग्टनला न्यूझीलंड आणि इंग्लंड यांची एक दिवसाची क्रिकेट मॅच होती. मध्यंतरात जॅक्सन स्वतः मैदानात उतरले आणि २५,००० प्रेक्षकांकडून ऑर्कांच्या भाषेत घोषणा म्हणवून घेतल्या. आमच्या ह्यांना तो सिनेमा कधी आवडला नाही, पण ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत.

टॉल्किनचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांना तिन्ही सिनेमे नापसंत होते. वडिलांच्या पुस्तकाची आतडी काढून तरुण पोरांसाठी मारामारीचा सिनेमा केला अशा अर्थाचं ते २०१२ मध्ये एका फ्रेंच वर्तमानपत्राशी बोलले होते. २०२० मध्ये ते गेले. बापाची हस्तलिखितं जन्मभर निगुतीने लावणाऱ्या मुलाला असं वाटणारच. भाचा त्यांचा दाखला नेहमी देतो. पण त्यांच्या म्हणण्यात फॅरामिरच्या त्या वाढीव प्रसंगाचा विचार होता की नाही कुणास ठाऊक.

आता नातवंडं विचारतात, आजी, कुठली बघू? वाढीवच बघा. दोन रात्री घ्या, एका बैठकीत बसू नका. सगळी वाढीव दृश्यं चांगलीच आहेत असं नाही. मेरी आणि पिपिन ते झाडांचं पाणी पिऊन उंच होतात, तो पाणचट प्रकार कापला होता तेच बरं होतं. इओविन अ‍ॅरागॉर्नला कसलंसं रस्सा म्हणून वाढते आणि तो बिचारा तोंड वाकडं न करता गिळतो, त्यावर भाचा चिडतो, राजकन्येची थट्टा केली म्हणतो. मला ते दृश्य हवं आहे. तलवार उत्तम चालवणाऱ्या बाईला रस्सा जमलाच पाहिजे असं कुठे लिहिलं आहे?

आणि भाचेराव, तुम्ही या सुट्टीत याल तेव्हा त्या चारांपैकी एकाचं प्लॅस्टिक फोडून आणा. आमचा जुना प्लेअर अजून चालतो, फक्त ट्रे बोटाने ओढून बाहेर काढावा लागतो.